शपथविधीचा मांडव

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी सहकार मैदानावर दोनदा फटाके वाजले. दुपारी छत्रीवाल्यांनी वाजवले, संध्याकाळी बादलीवाल्यांनी. राजाराम दारात बसून काथ्याचं भेंडोळं सोडवत होता. तो म्हणाला, "दोघंबी जिंकले वाटतं."

"दोघंबी हरले असतील," त्याची बायको चंपा आतून म्हणाली. "हरलेला जास्त आवाज करतो."

झालंही तसंच. सरकार बसवायला एकशे पंचेचाळीस आमदार लागतात. छत्रीकडे एकशे तीस, बादलीकडे एकशे चोवीस, आणि उरलेले चौतीस अपक्ष आणि किरकोळ पक्षवाले दुसऱ्या दिवशी एसी बसमध्ये बसून कुठल्याशा हॉटेलात गेले ते गेलेच. मुख्यमंत्री कोण होणार हे टीव्हीवाल्यांना कळेना, आणि ज्यांना व्हायचं होतं त्यांनाही कळेना. पण छत्रीवाल्यांच्या पुढाऱ्याने प्रचारात शब्द दिला होता, शपथ घेईन तर आपल्या उपनगरातल्या माणसांसमोर, घाटकोपरच्या या मैदानात घेईन. सरकारचा पत्ता नव्हता, पण मांडवाची ऑर्डर आली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मांडववाल्यांच्या सुग्या दोन, लग्नसराई आणि निवडणूक. राजाराम बावीस वर्षं नंदकुमारशेठच्या मांडवांचे बांबू बांधत होता. त्याचा धाकटा भाऊ किरण वर चढून लोखंडी चौकटी बसवायचा. चंपाचं काम कापडाचं. स्टेजच्या कडेला, खांबांना, मागच्या पडद्याला चुण्या घालायच्या आणि टाचणीने टाचत जायचं. लोक म्हणतात किती सुंदर डेकोरेशन, पण त्या एका चुणीला सात टाचण्या लागतात हे कुणी मोजत नाही. चंपाच्या डाव्या अंगठ्याचं कातडं चाळणीसारखं झालं होतं.

या वेळी दोन्ही सुग्या एकाच मैदानावर येऊन आदळल्या. निकालानंतरच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी साडेबाराला, याच सहकार मैदानावर त्यांच्या लेकीचं, संघमित्राचं लग्न होतं. परवानगी दोन महिन्यांपूर्वीच काढली होती, सही-शिक्क्यानिशी. नवरामुलगा मिथुन चेंबूरला नोकरीला, पण त्याची माणसं जालन्याची, राजारामच्या गावाकडचीच. दोन ट्रॅव्हल्स भरून येणार होती. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये साठ माणसं दाटीवाटीने बसतात. आणि हॉल मोठा असता तरी राजारामला मैदानच हवं होतं. बावीस वर्षं तो या मैदानात दुसऱ्यांच्या लेकींचे मांडव बांधत आला होता. त्याचं स्वतःचं लग्न गावाकडे एका गोठ्याच्या कडेला, दोन साड्या बांधून झालं होतं. चंपाला अजून त्या साड्यांचा रंग आठवतो, आणि शेणाचा वासही.

"ऑर्डर घेऊ नका," चंपा म्हणाली. "रविवारी आपलं कार्य आहे."

"मंगळवारी शपथ आहे. बुधवारी सोडू. रविवार लांब आहे गं."

"आणि नाही झालं सरकार तर?"

राजाराम हसला. "असं कधी असतं का? एवढे मोठे लोक. बसतील, बोलतील, करतील."

"तोवर विहाराचा हॉल तरी धरून ठेवू."

"कशाला? दुसऱ्या कुणाचं तरी कार्य अडेल." राजारामचा हा चांगुलपणाच चंपाच्या मुळावर येत असे. हॉल सोमवारी दुसऱ्या कुणीतरी घेतला.

शनिवारी पहिला खांब उभा राहिला. पुढाऱ्याचा एक माणूस जाकीट घालून आला होता. त्याचं नाव कुणी विचारलं नाही, सगळे त्याला जाकीटवालाच म्हणत. त्याने नारळ फोडला आणि पाणी राजारामच्या पायावर उडालं. मांडववाल्यांची एक रीत असते. मैदानाचा परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून पहिल्या खांबाला बांधायचा, म्हणजे पोलीस येवो की पालिकेचा माणूस येवो, कुणाला शोधत बसायला नको. राजारामने शपथविधीचा परवाना बांधला. मग खिशातून लग्नाचा परवाना काढला, त्याला वेगळी पिशवी घातली आणि खालच्या बाजूला तोही बांधला. खरा, एकुलता एक कागद. त्याची झेरॉक्ससुद्धा नाही.

"हे काय करताय?" चंपाने विचारलं.

"सगळ्यांना दिसू दे की रविवार कुणाचा आहे. मांडवाला बांधलेला कागद कुणी काढत नाही."

मांडववाले काढत नाहीत, हे खरं होतं. पण मैदानावर सगळेच मांडववाले नव्हते.

सोमवारपर्यंत साठ फुटी स्टेज उभं राहिलं. चंपाने पिवळ्या कापडाच्या चुण्या घातल्या, छत्रीवाल्यांचा रंग पिवळा. मध्ये एकच उंच खुर्ची, पाठीला सोनेरी सिंह. मंगळवार उजाडला आणि गेला. बुधवारी कळलं की अपक्षांच्या म्होरक्याला उपमुख्यमंत्रीपद पाहिजे. लगेच दुसरी खुर्ची आली. त्याचा माणूस टेप घेऊन आला आणि दोन्ही खुर्च्या मोजू लागला.

"ही दोन इंच उंच आहे," तो म्हणाला. "समान पाहिजे. ठरलंय तसं."

राजारामने करवत आणली आणि सिंहाच्या खुर्चीचे पाय दोन-दोन इंच कापले. गुरुवारी छत्रीवाल्यांचा जाकीटवाला आला, खुर्चीकडे बघून लालबुंद झाला. "कोणाला विचारून कापली? आमचे साहेब बुटके दिसतील!" राजारामने कापलेले तुकडे शोधून परत खाली ठोकले. शुक्रवारी म्होरक्या छत्रीवाल्यांना सोडून बादलीवाल्यांकडे गेला. आता बादलीवाल्यांचं सरकार होणार आणि तेही याच मैदानात शपथ घेणार, कारण मैदान सोडलं तर लोक म्हणतील घाबरले. नंदकुमारशेठला काय, स्टेज तेच, भाडं नवं. जाकीटवाल्यानेही रातोरात बादली धरली होती. जाकीट तेच होतं, फक्त खिशावरचा बिल्ला बदलला होता.

"पिवळं सगळं काढा," तो म्हणाला. "गुलाबी लावा. आणि तीन खुर्च्या."

चंपा आणि आणखी दोन बायका दिवसभर उन्हात टाचण्या उपटत बसल्या. पिवळं कापड ढीग होऊन पडलं. गुलाबी बांधलं, गुलाबीच्या खाली पांढरी झालर. संध्याकाळी चारच्या सुमाराला चंपाच्या अंगठ्यात टाचणी खोल गेली. तिने अंगठा तोंडात घालायच्या आत एक थेंब पांढऱ्यावर पडला. वाटाण्याएवढा डाग.

जाकीटवाल्याने तो वीस फुटांवरून पाहिला. "हे काय? शपथविधी आहे की मटणाचं दुकान? पूर्ण पट्टा बदला."

"धुऊन देते ना साहेब. एवढासाच आहे."

"शुभ काम आहे बाई. रक्ताचा डाग नको. समजत नाही का तुम्हा लोकांना?"

तुम्हा लोकांना. हे दोन शब्द चंपाला टाचणीपेक्षा खोल गेले. तिला विचारावंसं वाटलं, कुठले आम्ही लोक, नीट सांग. पण शेजारी राजाराम हात जोडून उभा होता आणि म्हणत होता, "बदलतो साहेब, बदलतो." चाळीस फुटांचा पट्टा तिने परत काढला. घरी येताना ती राजारामशी एक शब्द बोलली नाही. त्यालाही कळलं, पण तो खुर्चीच्या पायांची गंमत सांगत राहिला. तिला त्याचाही राग आला, आणि अशा माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचाही.

शनिवारी बादलीवाल्यांचेही चौदा आमदार फुटले. रविवारी कुणी काही दावा केला नाही. सोमवारी दोन्हीकडचे पुढारी दिल्लीला गेले. स्टेज तसंच उभं राहिलं, धूळ खात, तीन खुर्च्यांवर प्लास्टिक घालून. मैदानावर क्रिकेट बंद, म्हाताऱ्यांचं चालणं बंद. भोवती लावलेल्या कठड्यांमुळे पोरांना शाळेला लांबून जावं लागायचं. बाहेर एक हवालदार बसलेला. लग्नाला सहा दिवस उरले.

मंगळवारी चंपा पहिल्या खांबाकडे गेली. त्याच्यावर आता फ्लेक्स गुंडाळला होता, हात जोडलेल्या पुढाऱ्याचा. तिने कडेने हात घालून चाचपलं. शपथविधीच्या परवान्याची पिशवी होती. खालची नव्हती.

"फ्लेक्स लावणाऱ्या पोरांनी फाडली असेल," किरण म्हणाला. "वहिनी, मी विचारलं त्यांना. म्हणतात कचरा समजून काढली."

राजाराम खांबाशी बसला. "मांडवाला बांधलेला कागद कुणी काढत नाही," तो म्हणाला. पहिल्या दिवशी जे ऐटीत म्हणाला होता तेच, पण आता ते केविलवाणं वाटलं. चंपाला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. तिने त्याला उठवलं फक्त.

बुधवारी दोघं मैदानाचा परवाना देणाऱ्या पालिकेच्या ऑफिसात गेले. कारकून बरा माणूस होता, त्याने रजिस्टर उघडून बघितलं. "नोंद आहे तुमची. पण मधे शपथविधीची नोंद पडली ना, 'पुढील आदेशापर्यंत' अशी. आता तुमची तारीख परत चालू करायला साहेबांची सही पाहिजे."

"मग घ्या की सही."

"साहेब बदलीच्या यादीत आहेत. नवं सरकार आलं की यादी निघेल. तोवर ते कशावरच सही करत नाहीत."

"नवं सरकार कधी?"

कारकुनाने हात वर केले. "ते मला कळलं असतं तर मी इथे बसलो असतो का ताई?"

राजाराम उठला, नमस्कार केला, निघाला. चंपा बसून राहिली. "एक विचारू? पाणीपट्टी घेताय ना या महिन्यात?"

"घेतोय की."

"ती घ्यायला साहेब लागत नाही?"

कारकुनाने रजिस्टर मिटलं. त्याचा काही दोष नव्हता हे चंपाला माहीत होतं. पण दोष कुणाचाच नाही, असं या शहरात किती दिवस चालायचं?

गुरुवारी संघमित्रा लॅबमधून आली. ती पॅथॉलॉजीत रक्त काढायचं काम करते, तिच्या हाताला सवय आहे सुईची. आईचा अंगठा बघून तिने डेटॉल लावलं. "आई, ऐक ना. कोर्टात रजिस्टर करू. मिथुन पण तयार आहे. जालन्याच्या लोकांना सांगू, पुढच्या महिन्यात गावाला जेवण देऊ."

"का?"

"का म्हणजे? मैदान नाही, हॉल नाही. वाट लागलीय यार सगळ्याची. कुठे उभी राहू मी, रस्त्यावर?"

राजाराम म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतीय."

मग चंपा भडकली. पंधरा वर्षांत इतकी भडकली नव्हती. "बरोबर बोलतीय! तुम्ही करवत घेऊन त्यांच्या खुर्च्यांचे पाय कापता, परत जोडता, परत कापता. त्यांचं ठरेना म्हणून आपल्या पोरीने कोर्टाच्या बाकड्यावर लग्न करायचं? ते हॉटेलात झोपलेत आणि आपण दोन महिने आधी सही घेतलेली जागा सोडायची? आपण मत दिलं ना? दिलं. रांगेत उभे राहिलो, शाई लावली. आपलं काम आपण केलं. त्यांचं काम त्यांना येत नाही त्याला मी काय करू?"

शेजारच्या घरातला टीव्ही तेवढा बोलत होता. त्यावर कुणीतरी सांगत होतं की चर्चा सकारात्मक आहे.

शनिवारी जाकीटवाला मैदानावर आला तेव्हा चंपा त्याच्यासमोर उभी राहिली. राजाराम मागे.

"उद्या आमच्या मुलीचं लग्न आहे इथं. स्टेज राहू द्या, मैदान द्या. चार तासांत आवरतो. तुमचं सगळं जसंच्या तसं परत लावून देऊ."

जाकीटवाल्याचा बिल्ला आज कुठलाच नव्हता. खिशावर फक्त दोन भोकं होती. "अहो बाई, राज्याचं काय होईल ते आम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही लग्नाचं घेऊन बसलात! उद्या कधीही निरोप येईल."

"तुम्ही कुणाचे आहात आता?"

"म्हणजे?"

"छत्रीचे का बादलीचे?"

"मी व्यवस्थेचा आहे," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

रविवारी सकाळी साडेसहाला चंपा मैदानावर गेली. नवी साडी नेसली नव्हती, कामावरचाच गाऊन आणि वर ओढणी. डब्यात टाचण्या. बरोबर किरण आणि त्या दोन बायका. राजाराम आला नव्हता. तो घरी बसून गॅसच्या टाक्या मोजतोय असं दाखवत होता.

चंपा स्टेजवर चढली आणि गुलाबी कापडाची पहिली टाचणी उपटली.

"ओ मावशी!" हवालदार खुर्चीवरून उठला. सुटलेल्या पोटाचा, रात्रभराच्या जागरणाने डोळे चुरचुरलेले. "काय चाललंय?"

"काढतेय. मीच लावलंय."

"कोणी सांगितलं काढायला?"

"कुणी नाही."

"मग खाली उतरा. ऑर्डरशिवाय हात लावायचा नाही."

चंपा उतरली नाही. ती दुसरी टाचणी काढत म्हणाली, "कुणाची ऑर्डर आणू? नाव सांगा, आत्ता जाऊन आणते. बुधवारी ऑफिसात गेले. हो म्हणायला इथं कुणी नाही, असं म्हणाले. बरं, मग आता मला नाही म्हणायला कोण आहे ते तरी दाखवा. करा फोन."

हवालदाराने खरंच फोन केला. चौकीवरून म्हणाले, बंदोबस्त आमचा, स्टेज नाही. ऑफिसात रविवार. पक्षाचा नंबर लावला तर पलीकडच्याने विचारलं, कुठल्या पक्षाकडून बोलताय? हवालदार चौथा फोन लावून कान बदलत उभा राहिला. तोवर किरणने अर्धा पडदा सोडला होता.

"कुणी उचलत नाही," हवालदार म्हणाला.

"उचलणार कोण?"

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "माझं नाव कुठे घेऊ नका," तो म्हणाला आणि जाऊन पाठमोरा बसला.

आठ वाजता राजाराम आला. कामावरची हाफ पँट, कमरेला काथ्या कापायचा कोयता. त्याच्यामागे शेठच्या मांडवातली सगळी चाळीस माणसं, जी खरं तर पाहुणी म्हणून बाराला यायची होती. तो चंपाकडे न बघता सरळ कठड्यांकडे गेला आणि सोडायला लागला. चंपाने पुढची टाचणी काढली. तिला आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचा राग आला नाही.

साडेअकरापर्यंत फ्लेक्स खाली, खुर्च्या मागे. स्टेजवर पांढरं कापड, त्याला निळी झालर, चंपाने तीन महिने घरी शिवलेली. टेबलावर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. जालन्याच्या दोन्ही गाड्या आल्या. एक म्हातारी स्टेजकडे बघून म्हणाली, "मुंबईची लग्नं लई मोठी बाई."

साडेबाराला संघमित्रा आणि मिथुन पांढऱ्या कपड्यांत उभे राहिले. लोकांनी चपला काढल्या, हात जोडले. बौद्धाचार्यांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि त्याच वेळी मैदानाच्या फाटकात चार पांढऱ्या गाड्या घुसल्या.

जाकीटवाला धावतच आला. मागे नंदकुमारशेठ, घामाघूम. "ठरलं! ठरलं!" जाकीटवाला ओरडत होता. "छत्री आणि बादली एकत्र! अडीच-अडीच वर्षं! चार वाजता शपथ आहे. हे काय करून ठेवलंय?"

छत्री आणि बादली एकत्र. पंधरा दिवस ज्यांनी एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या ते. हे पहिल्याच दिवशी का नाही केलं मग?

"राजाराम!" नंदकुमारशेठने हाक मारली. "ए राजाराम! किरण! चला रे, उठवा पोरांना. दोन्ही रंग लावायचेत. तीन तास आहेत."

राजाराम वळला. बावीस वर्षांची सवय ती. अंगात नवा शर्ट होता, कोयता नव्हता, तरी त्याचा हात कमरेकडे गेला. त्याने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. चंपाने डोळे मिटून घेतले. हा आता "आलो शेठ" म्हणेल, तिला वाटलं, आणि म्हणाला तर याला मी आयुष्यात माफ करणार नाही.

राजाराम शेठच्या अगदी जवळ गेला. हात त्याने परत जोडले होते. "शेठ," तो हळू म्हणाला, "बूट काढा. पंचशील चालू होतंय."

"अरे, पण—"

"बूट काढा शेठ."

नंदकुमारशेठने त्याच्याकडे बघितलं. मग मुकाट्याने बूट काढले.

"इथं मुख्य कोण आहे?" जाकीटवाला चिडून सगळीकडे बघत होता. "कोणाशी बोलायचं? अरे कोणी जबाबदार माणूस आहे का?"

मांडव बांधणारी ती चाळीस माणसं, जी त्याने पंधरा दिवस नुसती वाकलेली पाहिली होती, ती वळून त्याच्याकडे बघत उभी राहिली. बौद्धाचार्यही थांबले.

"माझ्याशी बोला," चंपा म्हणाली. ती पहिल्या रांगेत होती, तिथून हलली नाही. "मी नवरीची आई. आमचं एक तासाचं काम राहिलंय. मग जेवणं. मग बघू."

"साहेब येतायत, बाई! मुख्यमंत्री!"

"येऊ देत. मागे जागा आहे. बसायला सांगा." तिने बोटाने मागची रांग दाखवली. "पंधरा दिवस आम्ही तुमची वाट बघितली. तुम्ही तासभर बघा. आणि बोलायचं असेल तर फाटकाबाहेर, इथं थांबायचं असेल तर बूट काढून."

जाकीटवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या चाळीस माणसांकडे, एकदा पाठमोऱ्या हवालदाराकडे. हवालदाराने मान वळवली नाही. मग जाकीटवाला खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला.